पावती, पिशवी आणि टॅग

बियाणं उगवलं नाही की शेतकरी तीन वस्तू घेऊन दुकानात येतो. पावती, रिकामी पिशवी आणि पिशवीचा टॅग. या तिन्ही वस्तू ज्यानं जपून ठेवल्या आहेत त्याला मी आधी स्टूल देतो, मग पाणी, मग चहा मागवतो. टॅगवर लॉट नंबर असतो, उगवणीचा टक्का असतो, मुदत संपायची तारीख असते. तेवढ्यावर कृषी खात्याकडे अर्ज होतो, साहेब लोक शेतात येऊन पंचनामा करतात आणि तक्रार खरी निघाली तर कंपनीला उत्तर द्यावं लागतं. फार न्यायाची व्यवस्था आहे. मी पंचवीस वर्षं अमळनेरात बी-बियाणं विकतो आहे आणि त्याहून दोन वर्षं जास्त महाराष्ट्रातल्या फुटबॉल क्लबांचा चाहता आहे. या दुसऱ्या व्यवहारात मला आजवर कुणी टॅग दिलेला नाही.

तक्रार मोठी नाही. क्लब हरतात याबद्दल माझं काही म्हणणं नाही. हरणं हा खेळाचा भाग आहे, असं जिंकणारे लोक नेहमी सांगतात. माझं म्हणणं एवढंच, की मी धरलेला क्लब पुढच्या वर्षी जागेवर असावा.

1998 साली मी गिरगावात मामांकडे राहून नोकरी शोधत होतो. नोकरी सापडत नव्हती, पण शनिवारी दुपारी मामा कूपरेजच्या मैदानावर न्यायचे. तिथे महिंद्रांचा संघ खेळायचा. त्याच वर्षी त्यांनी ड्युरँड कप जिंकलेला होता आणि मामा ती गोष्ट घरचं कार्य पार पाडल्यासारखी सांगायचे. पुढे संघाचं नाव महिंद्रा युनायटेड झालं. मी दोन वर्षांनी नोकरीशिवाय परत आलो. आई म्हणाली, मुंबईहून काय आणलं? काय सांगणार? मी एक क्लब आणला होता.

अमळनेरात क्लब या शब्दाला दोनच अर्थ आहेत. एक रोटरी आणि दुसरा पत्त्यांचा. त्यामुळे 2006 साली महिंद्रा युनायटेडनं राष्ट्रीय लीग जिंकली आणि मी दुकानात पेढे वाटले, तेव्हा पहिल्या गिऱ्हाइकानं मुलगा झाला का म्हणून विचारलं आणि दुसऱ्यानं आवाज खाली आणून किती लागले म्हणून विचारलं. महाराष्ट्रातल्या क्लबनं राष्ट्रीय लीग जिंकण्याची ती पहिली वेळ होती. डेरिक परेरा प्रशिक्षक, पुढे बरेटोसारखा ब्राझिलियन. त्याच हंगामात फेडरेशन कपही आपलाच. यातलं एकही मिनिट मी पाहिलेलं नव्हतं. सामने ज्या चॅनेलवर लागायचे ते आमच्या केबलवाल्यानं काढून त्या नंबरवर भजनं लावली होती. त्याचं म्हणणं, गावात एकच माणूस तक्रार करतो आणि तोही भाड्याचे दोन महिने मागे आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. मी निकाल तिसऱ्या दिवशी पेपरात वाचायचो, तालुका कबड्डीच्या खाली, साडेतीन ओळी. एकदा गोल करणाऱ्याचं नाव जाहिरातीत कापलं गेलं. ते मला अजून माहीत नाही.

तरी त्या वर्षी मी उधारीच्या वहीच्या शेवटच्या पानावर पुढच्या हंगामाची अपेक्षा लिहून ठेवली. ही सवय मला धंद्यानं लावली. जूनमध्ये शेतकरी एकरी किती क्विंटल होईल ते सांगतो, डिसेंबरात किती झालं ते सांगतो, आणि मधल्या फरकावर माझी वसुली ठरते. मी लिहिलं: ‘लीग परत. फेडरेशन कप मिळाला तर उत्तम.’ किती उद्धट अक्षर आहे ते. ‘उत्तम’च्या खाली रेघसुद्धा मारली आहे.

2010 साली महिंद्रांनी संघ बंद करायचं ठरवलं. यापुढे शालेय फुटबॉलकडे लक्ष देणार, असं जाहीर झालं. निर्णय चांगलाच होता. शाळांबद्दल मला आदर आहे, साने गुरुजी आमच्याच गावातल्या शाळेत मास्तर होते. पण अठ्ठेचाळीस वर्षांचा, लीग जिंकलेला क्लब बंद होतो ही बातमी मी वाचली तेव्हा समोर एक गिऱ्हाईक तुरीच्या पिशवीवर दोन रुपये कमी करा म्हणून अडून बसलं होतं. मी पाच कमी केले. त्याला वाटलं आपण जिंकलो.

इथे गावाबद्दल एक सांगायला हवं, नाहीतर माझा स्वभाव कळणार नाही. अमळनेरात 1945 साली वनस्पती तुपाचा कारखाना निघाला. तोच पुढे विप्रो. ज्यांच्या आजोबांनी त्या काळी चार शेअर घेऊन ट्रंकेत टाकले आणि विसरून गेले, त्यांची नातवंडं आज गाडीची काच खाली न करता बोलतात. त्यामुळे या गावात एकच आर्थिक सल्ला चालतो: धरलं ते सोडू नको. आमच्या आजोबांनी शेअर घेतले नव्हते, बैल घेतला होता. पण सल्ला आमच्याही घरात होता. मी क्लब धरला आणि सोडला नाही. क्लबनं सोडलं, याची तरतूद त्या सल्ल्यात नव्हती.

गावात एक तत्त्वज्ञान मंदिरही आहे, 1916 सालचं, प्रतापशेठजींनी काढलेलं. तिथे जग मिथ्या आहे की नाही याचा सखोल विचार झालेला आहे. मला वाटतं, तो विचार करणाऱ्यांना एखादा क्लब दिला असता तर काम लवकर आटोपलं असतं.

महिंद्रा गेल्यावर मी पुण्याकडे वळलो. पुणे एफसी 2007 सालचा, आणि 2009–10 च्या आय-लीगमध्ये, म्हणजे पहिल्याच वर्षी, तिसरा आला होता. शिवाय प्रशिक्षक डेरिक परेरा. ओळखीचा माणूस दिसला की खान्देशी माणूस दर विचारत नाही. वहीत लिहिलं: ‘पहिल्या तिनात.’ 2012–13 ला ते चक्क दुसरे आले, गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सच्या मागे. मी एकदा धुळ्याहून रातराणीनं पुण्याला जाऊन बालेवाडीला सामनाही पाहिला. एवढं मोठं स्टेडियम, की प्रेक्षक आहेत की नाहीत ते पाहायला मान वळवावी लागायची. माझ्या रांगेत मी आणि एक आजोबा. ते सावलीला बसले होते.

सोबत मुंबई एफसीही धरून ठेवला. दोन क्लब कशाला, असं आमच्या बायकोनं विचारलं. कापसात तूर लावतात तेच कारण. एक पीक गेलं तर दुसरं हाताशी. मुंबई एफसीचं मला फार आवडायचं, कारण त्यांच्या आणि माझ्या अपेक्षा जुळत होत्या. खालिद जमील 2009 पासून सात हंगाम प्रशिक्षक होता. हाच माणूस आधी महिंद्राकडून, मग एअर इंडियाकडून, मग मुंबई एफसीकडून खेळलेला, म्हणजे माझ्यासारखाच फिरून आलेला. त्याचा कार्यक्रम साधा होता: खालच्या लीगमध्ये ढकलले जायचं नाही. सात वर्षं ढकलले गेले नाहीत. एक अडचण होती. कूपरेजचं काम निघालं तेव्हा मुंबईच्या या क्लबचे घरचे सामने काही काळ पुण्याला बालेवाडीत व्हायचे. मुंबईकरानं आपलं घर म्हणून पुण्यात राहायचं, तेही तक्रार न करता, यापेक्षा मोठी सहनशीलता मी पाहिलेली नाही. वहीत त्या काळातली नोंद आहे: ‘सातवा. मैदान मुंबईत असेल तर सहावा.’

मग 2015 मध्ये पुणे एफसी बंद झाला. त्यांची अकादमी नव्या इंडियन सुपर लीगमधल्या पुणे सिटीनं घेतली. मी अकादमीबरोबर आपोआप तिकडे गेलो, घर विकलं की भाडेकरू जातो तसा.

एअर इंडियाचं राहिलंच. त्यांचा मी चाहता कधीच नव्हतो. खालिदपायी थोडी सहानुभूती दाखवली होती, एवढंच. 2013 साली ते लीगबाहेर गेले. सहानुभूतीचंही प्रमाण सांभाळायला हवं, हे मला तेव्हा कळलं.

2016 ला खालिद जमील आणि मुंबई एफसी वेगळे झाले. तो मिझोरमला ऐजॉल एफसीकडे गेला. ऐजॉल त्याआधीच्या हंगामात खाली ढकललेला संघ, गोव्याच्या क्लबांनी माघार घेतली म्हणून परत घेतलेला. आता जे लिहितो ते कुणी पडताळून पाहावं, मला स्वतःला ते अजून खरं वाटत नाही. 2016–17 च्या त्या एकाच हंगामात ऐजॉल आय-लीगचा विजेता झाला आणि मुंबई एफसी तळाला जाऊन बाहेर पडला. त्यानंतर क्लबच उरला नाही. सात वर्षं माझ्याबरोबर ज्या माणसानं ‘ढकलले जायचं नाही’ एवढीच अपेक्षा ठेवली, तो मला सोडून डोंगरात गेला आणि एका वर्षात देशाचा विजेता झाला. 2025 साली तो भारताच्या संघाचा प्रशिक्षक झाला. मला आनंद झाला. मी तो कुणाला सांगितला नाही, भारतीय संघाच्या हितासाठी.

आईनं मात्र निदान केलं होतं. ‘तू ज्याले हात लावस त्यानं मातेरं व्हस,’ ती म्हणाली, आणि मंगळ ग्रह मंदिरात जाऊन ये म्हणून सांगितलं. आमच्या गावचं मंगळाचं मंदिर प्रसिद्ध आहे. लांबून लांबून लोक येतात, मंगळवारी रांगा लागतात. कुणाचं लग्न अडलेलं असतं, कुणाची जमीन. मी रांगेत उभा राहिलो. गुरुजींनी अडचण विचारली. मागे पन्नास माणसं उभी. मी म्हटलं, क्लब टिकत नाहीत. त्यांनी क्षणभर पाहिलं आणि ‘पत्त्यांचा नाद वाईट’ असं सांगून प्रसाद हातावर ठेवला.

पुणे सिटीबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, कारण तिथे फार लोक टिकले नाहीत. पहिल्या हंगामात फ्रान्सचा त्रेझगे होता. 2006 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पेनल्टी बारवर मारणारा तोच. मी तेव्हाच ओळखायला हवं होतं. प्रशिक्षक दर हंगामाला नवा, कधी इटलीचा, कधी इंग्लंडचा, कधी स्पेनचा. प्रशिक्षकाचं नाव उच्चारायला जमलं की माणूस विमानतळावर असायचा. पण 2018 साली आम्ही उपांत्य फेरीत गेलो. पुण्यात 0–0. चार दिवसांनी बंगळुरूत सुनील छेत्रीनं तीन गोल केले, 3–1. मी दुकानाचं शटर अर्धं ओढून मोबाइलवर पाहत होतो. तिसऱ्या गोलला अर्ध्या शटरखालून एक डोकं आत आलं आणि म्हणालं, ‘आबा, युरिया शे का?’

‘नही,’ मी म्हटलं. युरिया होता.

2019 ला पुणे सिटीही बंद. त्याची लीगमधली जागा हैदराबादच्या नव्या क्लबनं घेतली, काही खेळाडूही तिकडे गेले. तो हैदराबाद तीन वर्षांत, मार्च 2022 मध्ये, विजेता झाला. केरळा ब्लास्टर्सला पेनल्टीवर हरवून. घरातला माठ गळतो म्हणून शेजाऱ्याला द्यावा आणि त्याच्या अंगणात तो पाझरणं थांबून पाणी थंडगार व्हावं, तसं.

कोल्हापूरला जन्मलो असतो तर हे लिहावं लागलं नसतं. तिथे संघ म्हणजे तालीम. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा. मालक म्हणजे पेठ, आणि पेठ ताळेबंद पाहून बंद करता येत नाही. शाहू स्टेडियमवर पेठेच्या पेठा येऊन बसतात, भांडतात, घरी जाऊन जेवतात, पुढच्या वर्षी परत तोच संघ. मी आमच्या पैलवान मित्रांना इथल्या एका व्यायामशाळेचा फुटबॉल संघ काढू म्हणून सुचवलं होतं. त्यांनी मला जेवू घातलं. शेवभाजी चांगली होती. नंतर विषय निघाला नाही.

पुण्यातला भाचा मँचेस्टर युनायटेडचा. त्याचं दुःख मला व्हॉट्सअॅपवर येतं, तीन-तीन मिनिटांच्या आवाजात. फर्ग्युसन गेल्यापासून, म्हणजे 2013 पासून, लीग जिंकलेली नाही. 2024–25 ला तर पंधरावे आले. ‘मामा, पंधरावे! लाज वाटते.’ मी विचारलं, पुढच्या वर्षी क्लब आहे ना? तो म्हणाला, म्हणजे काय? मी म्हटलं, म्हणजे, आहे ना? त्याला प्रश्नच कळला नाही. मी मग त्याला मामांच्या कूपरेजच्या गोष्टी सांगायला लागलो, तर त्यानं आवाज दीडपट वेगानं ऐकला असावा, कारण दोन मिनिटांच्या निरोपाला दीड मिनिटाच्या आत अंगठा आला.

राहिला मुंबई सिटी. 2014 पासून आहे, 2019 ला मँचेस्टर सिटीवाल्यांच्या कंपनीनं त्यातला मोठा हिस्सा घेतला, पैसा आला, आकाशी रंग आहे. या क्लबचा जीव वाचवायचा म्हणून मी त्याला फक्त बाहेरून पाठिंबा द्यायचं ठरवलं. सत्तेत सहभाग नाही, जर्सी नाही, सामना पाहायचा नाही. निकाल दुसऱ्या दिवशी, तोही चहावाल्याकडून. आणि काय सांगू, क्लब फुलून आला. मार्च 2021 मध्ये अंतिम सामन्यात नव्वदाव्या मिनिटाला बिपिन सिंगचा गोल, मोहन बागानवर 2–1, साखळीत पहिल्या येणाऱ्याची ढाल आणि अंतिम सामन्याचा कप, दोन्ही एकाच हंगामात. करोनामुळे सगळे सामने गोव्यात, रिकाम्या मैदानावर. म्हणजे विजेतेपदाला एकही चाहता हजर नव्हता. माझ्या धोरणाचा याहून सज्जड पुरावा काय हवा? 2023 ला परत ढाल.

धोरण पहिल्यांदा मोडलं. 15 एप्रिल 2024, कोलकाता, सॉल्ट लेक. ढाल कुणाची ते त्या एका सामन्यावर होतं. मी म्हटलं, शेवटची पाच मिनिटं. मग म्हटलं, दुसरा हाफ. मोहन बागान 2–1. एकोणीस दिवसांनी, 4 मेला, त्याच मैदानावर, त्याच संघाशी अंतिम सामना होता. त्या रात्री मळ्यातली मोटार जळाली म्हणून मी विहिरीच्या काठावर टॉर्च धरून उभा होतो. वायरमन शिव्या देत होता, बेडूक ओरडत होते. मुंबई सिटी आधी एका गोलनं मागे पडला आणि मग 3–1 नं जिंकला. मोटारीचं वाइंडिंग साडेचार हजारांना पडलं. मी वहीत ‘कप, मोटार’ असं एकाच ओळीत लिहिलं आहे.

इतकं सगळं कळूनही माणूस चुकतो. 2025 च्या जूनमध्ये पाऊस वेळेवर आला, कापसाच्या बियाण्याची उचल चांगली झाली, आणि हातात चार पैसे खेळले. मी ऑनलाइन मुंबई सिटीची जर्सी मागवली. आकाशी, मोठ्या साइजची. एका दुकानानं एल म्हणून एम पाठवली, ती परत करण्यात आठ दिवस गेले. मग एल आली. पार्सल मी घरी न नेता गोदामात, सोयाबीनच्या पोत्यांमागे उघडलं. चहावाल्यानं तरी पाहिलं. ‘आबा, आते कोन्ह्या पाठे लागनात?’

11 जुलैला बातमी आली, की येता हंगाम स्थगित. एका क्लबपुरतं नव्हे, अख्ख्या लीगचा. फेडरेशन आणि लीग चालवणाऱ्या कंपनीतला करार संपत आला होता आणि पुढचं काही ठरत नव्हतं. सप्टेंबर गेला, दसरा गेला, कापूस वेचून झाला. डिसेंबरात मँचेस्टरवाल्यांनीही आपला हिस्सा सोडला.

मला कुणावर आरोप करायचा नाही. करार हे करार असतात, आणि त्यांना मुदत असते हे टॅग विकणाऱ्या माणसाला सांगायला नको. पण मी वर्षानुवर्षं एकेक क्लब धरत होतो, आणि या वेळी एक जर्सी घेतली तर चौदा क्लबांची लीगच थांबली. प्रगती आहे असं म्हणता येईल.

वहीचं ते पान आता भरत आलं आहे. वरून खाली वाचलं तर अक्षर बारीक होत जातं. लीग परत. पहिल्या तिनात. सातवा. ढकलले जाऊ नये. मैदान असावं. 2025 च्या ओळीत मी बराच वेळ पेन टेकवून बसलो आणि शेवटी लिहिलं: ‘सामना लागावा.’ कुणाचा ते लिहिलं नाही. नाव घातलं की भानगड होते.

जर्सी गोदामातच आहे, कीटकनाशकाच्या खोक्यावरच्या फळीवर, प्लास्टिकमध्ये. आईनं एकदा विचारलं, एवढी महागाची घेतली तर घालत का नाही. घालणार कशी? पावती जपून ठेवली आहे, पिशवीही आहे. जर्सी घालायची तर टॅग कापावा लागेल.